मेजरच्या गिरणीची टोपी

करंजाचं तेल बैलाच्या खरजेला लावतात. फार तर देवळातल्या समईत घालतात, तेही पुजारी चिक्कू असला तर. ते इंजिनात घालतात, असं विट्यापासून आटपाडीपर्यंत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मेजरनी घातलं. नुसतं घातलं असतं तरी एवढं रामायण झालं नसतं. पण मेजर फौजेत राहून आलेले. पुढं पडलेलं पाऊल मागं घ्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी तिथून नीट शिकून आणली होती.

मेजर म्हणजे नाथाजीराव. फौजेत ते मेजर नव्हते, हवालदार होते. पण पेन्शनीवर आलेल्या माणसाला आमच्याकडं गाव आपल्या पदरची बढती देतं. सतरा वर्षं नोकरी झाली ती गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. "इंजिन काय चीज असती ते आमाला सांगू नका," असं ते ज्याला त्याला सांगत. पलटणीत त्यांच्याकडं फक्त स्टोअर होतं, आणि सतरा वर्षं त्यांनी नट-बोल्ट मोजून देऊन सह्या घेतल्या, ही गोष्ट गावात दोनच माणसांना ठाऊक. एक त्यांची बायको शालूबाई, आणि दुसरा शेजारचा रसूल मिस्त्री.

रसूल त्यांचा चौथीपर्यंतचा सोबती. एका पाटीवर दोघांनी बाराखडी गिरवलेली. चारचौघांत तो "मेजर" म्हणायचा, त्यांचा मान राखायचा. दोघंच असले की "नाथा". ह्या "नाथा"ची किंमत मेजरना तेव्हा कळली नाही. माणसाला अशा गोष्टी नंतरच कळतात, त्याला काय करणार?

गावी आल्यावर मेजरनी पिठाची गिरणी टाकली. जुनं डिझेल इंजिन सांगलीहून आणलं, ते बसवलं रसूलनं. धुराच्या नळीवर टोपीही त्यानंच बसवली. आता ही टोपी म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. रसूलनं एका फुटक्या घागरीचा तांब्याचा तळ कापला, ठोकून ठोकून त्याची वाटी केली आणि ती धुराच्या नळीच्या तोंडावर बोटभर अंतर सोडून पालथी बसवली. धूर तिच्यावर आदळला की पुक्-पुक्, पुक्-पुक् असा आवाज निघे आणि दीड कोसावर जाई. आमच्याकडं वस्त्या लांब लांब. बाईनं डोक्यावर पाटी घेऊन माळ तुडवत यावं आणि गिरणीला कुलूप असावं, असं होऊ नये म्हणून ही सोय. आवाज आला तर गिरणी चालू, नाही आला तर बंद. आणि दर गिरणीचा आवाज निराळा. पलीकडच्या गावची गिरणी ठसका लागल्यासारखी खोकायची, आमची गोड बोलायची. "रसूलभाईचा हात हाय त्यो," असं म्हणत बाया वस्तीवर बाजरी पाखडायला घेत.

हे चौऱ्याहत्तर सालचं. दुष्काळ सरला होता, त्या साली बाजरी झकास आली होती, आणि नेमकं तेव्हाच डिझेल गेलं. अरबस्तानात कुणीतरी तोटी आवळली म्हणे. तिकडं तोटी आवळली की आमच्या गिरणीचा पट्टा थांबतो, हे चौथीच्या भूगोलात कुठंच नव्हतं.

डिझेल आता परवान्यावर. मेजर बूट घालून, मिशा वळवून तहसील कचेरीत गेले. पुरवठ्याच्या कारकुनानं विचारलं, "इंजिन चालू आहे का?"

"अलबत! एकदम चालू कंडिशन," मेजर छाती काढून म्हणाले.

"म्हणजे डिझेल आहे तुमच्याकडं. अर्ज नामंजूर."

पुढच्या आठवड्यात मेजर शहाणे होऊन गेले. म्हणाले, इंजिन बंद आहे. कारकून म्हणाला, "बंद इंजिनाला डिझेल कशाला? चालू असल्याची खात्री पटली पाहिजे. साहेब मोक्यावर येऊन बघतील, मग ठरवू." साहेब कधी येतील? ते साहेबांना विचारा. साहेब कुठं आहेत? मोक्यावर गेलेत.

मेजर परतले ते अपमान गिळूनच. ज्या माणसानं सतरा वर्षं लोकांच्या सह्या घेतल्या, त्याला एका सहीसाठी बाकावर बसवावं! एस्टीतून उतरून ओढ्याकाठानं येताना त्यांना करंजाची झाडं दिसली, खाली शेंगांचा सडा. मेजर थांबले. इंजिनाला तेल लागतं. डिझेल हे तेल आहे. करंजेल हेही तेलच आहे. इतका सोपा हिशेब सरकारच्या ध्यानात कसा आला नाही, ह्याचंच त्यांना नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल्याकडून करंजेलाचे चार डबे आणून गिरणीत मांडले.

रसूलनं डब्यात बोट बुडवून बघितलं. गिरणीत दोघंच होते.

"नाथा, इंजनाला बी पोट असतंय रं," तो म्हणाला. "डिझेल पातळ. नोझलातनं धुरळ्यागत बारीक उडतंय, म्हून समदं जळतंय. ह्ये काकवीवानी जाड. थेंब मोठा पडणार, अर्धा जळणार, अर्ध्याची काजळी हुणार. काजळी आत ऱ्हायली तर पिस्टनच्या रिंगा धरतील, इंजन जागच्या जागी जाम हुईल, भाईर आली तर गावाचं त्वांड काळं करंल. घालायचंच आसंल तर गाळून, तापवून, डिझेलात चार आणं मिसळ. त्याच्यावर न्हाई."

सल्ला लाखमोलाचा होता. मेजर तो ऐकणारही होते. पण सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रसूल, मी सतरा वर्षं पलटणीत—"

"नट मोजलंस," रसूल म्हणाला आणि खो-खो हसला.

झालं. त्या हसण्यानं घात केला. रसूल नेहमीच तसा हसायचा, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मेजर नुकतेच कचेरीतून पोळून आले होते. त्यांनी तेल गाळलं नाही, तापवलं नाही, मिसळलं नाही. होतं तसं निव्वळ ओतलं.

आणि इंजिन चालू झालं की हो! आधी उरल्यासुरल्या वाटीभर डिझेलावर तापवलं, मग करंजेलाची तोटी सोडली, आणि पुक्-पुक् सुरूच राहिलं. आवाज जरा घोगरा आला, भाकरीला जरासा कडवट वास आला, पण इंजिन चाललं. मेजर गिरणीच्या दारात कमरेवर हात ठेवून असे उभे राहिले की जणू अरबस्तानलाच त्यांनी सलाम करायला लावलाय.

गिरणीच्या ओट्यावर कोंडीबातात्या नावाचे एक गृहस्थ कायम बसलेले असत. त्यांचं कधी दळण नसे, सल्ला असे. त्यांनी वर बघून सांगितलं, "मेजर, धूर काळा येतुया. तेलात कापूर टाका, सडकून जळंल." मेजरनी कापूर टाकला. धूर काळाच आला, पण त्याला आरतीचा वास यायला लागला. एवढाच फरक.

चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. रमजान चालू होता, ईद पंधरा दिवसांवर आलेली. रसूलच्या बायकोनं, रहिमतबीनं, आठ दिवस खपून हातानं शेवया वळल्या होत्या. केसाएवढ्या बारीक. उपाशीपोटी पाटावर बसून वळलेल्या. अंगणात तीन बाजल्यांवर पांढरी धोतरं पसरून त्या वाळत घातल्या होत्या. दुपारी वारा फिरला. गिरणीच्या नळीतून काजळीच्या पाकळ्या निघाल्या, सावकाश तरंगत तरंगत भिंतीपलीकडं गेल्या आणि अचूक तिन्ही बाजल्यांवर उतरल्या. रहिमतबीनं पदरानं झटकायला घेतलं, तसे काळे ओघळ पडले. तेलकट काजळी ती, झटकून थोडीच जाते?

रहिमतबीनं आरडाओरडा केला नाही. करती तर बरं झालं असतं. तिनं तिन्ही धोतरं गुंडाळली आणि शेवया शेळीपुढं टाकल्या. शेळीनंही दोनदा हुंगून तोंड फिरवलं. शालूबाई हे सगळं भिंतीवरून बघत होत्या. घरात येऊन म्हणाल्या, "आवं, जावा, दोन शबुद बोलून या. माजी बाय कशी बसलीया बघा."

जायला हवं होतं. पंचवीस पावलांवर घर. "वहिनी, चुकी झाली" एवढंच म्हणायचं होतं. पण मेजरना चूक बोलून दुरुस्त करता येत नसे, त्यांना ती यंत्र लावून दुरुस्त करायची असे. ते अंगणात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "काळजी करू नका वहिनी! फिल्टर बसवतो!"

फिल्टरची अक्कल बाळासोनं दिली. हा कोंडीबातात्यांचा पुतण्या, फलटणकडं एका साखर कारखान्यात कामाला. सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, मोठ्या धुराड्यांना पाण्याचा फवारा असतो, काजळी खाली बसते. त्यानं तो लांबून पाहिला होता, मेजरनी तेवढंही नाही. पण दोघांनी मिळून दोन दिवसांत एक पत्र्याचं पिंप उभं केलं. त्यात खाली विटांचे तुकडे, वर नारळाचा काथ्या, त्यावर ओलं गोणपाट, झाकणाला भोकं, आणि वरून मडक्यातलं पाणी थेंब थेंब. धुराची नळी वाकवून पिंपाच्या पोटात घातली. नळी आणि पिंप ह्यांच्यामध्ये फट राहिली. ती बुजवायला तांब्याची कडी हवी होती. मेजरनी इकडंतिकडं बघितलं, नळीवरची टोपी आता बिनकामाचीच होती. त्यांनी ती काढली आणि छिन्नीनं कापायला घेतली.

बाळासो जेवायला गेला होता, तेवढ्यात रसूल आला. "टोपी कापू नगं नाथा, बाजूला ठिव," तो म्हणाला. "आन् त्यो काथ्या दर दोन दिसांनी धुवावा लागंल. न्हाई तर इंजनाचा श्वास कोंडंल."

रसूलनं धुवायला सांगितला म्हणून मेजरनी काथ्या धुतला नाही. टोपी तर तेव्हाच कापली, त्याच्या डोळ्यांदेखत. रसूल वळला आणि निघून गेला.

पण फिल्टरनं काम केलं हो, खोटं कशाला बोला! पिंपातून धूर निघे तो पांढुरका, मऊ. काजळीचा कण नाही. आणि आवाजही नाही. नुसतं फुस्-फुस्, तेही ओट्यावर बसलं तर ऐकू येईल एवढंच. "बघा तात्या," मेजर कोंडीबांना म्हणाले, "आवाजसुदीक गाळला! फौजी काम हाय!" बायका पिंपाला "मेजरची चाळण" म्हणायला लागल्या. मेजरनी ते कौतुक समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरनं दळण आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. बाजरीचे दिवस, घराघरात नवं धान्य, आणि गिरणीत काळं कुत्रं फिरकेना. गल्लीतली चार घरं दळून नेत, बाकी इंजिन आपलं रिकामं फुसफुसत बसे. आठ दिवस असे गेले. मेजर दारात उभे राहून माळाकडं बघत. लांब वस्त्यांवर माणसं हिंडताना दिसत, पण इकडं कुणी वळत नसे.

"हे बघा मेजर," कोंडीबातात्या आवाज उतरवून म्हणाले, "म्या काय बोलत न्हाई. पर शेवया नासल्या, त्या दिसापासनं गिऱ्हाईक तुटलं. वस्तीवरची समदी इंजनं कोण दुरुस्त करतंय? रसूल. कोण हिंडतंय वस्त्यांवर? रसूल. म्या काय बोललो का? न्हाई बोललो."

संशयाला पाणी घालावं लागत नाही, तो कोरडवाहू पीक आहे. त्या संध्याकाळी मेजर तडक रसूलच्या अंगणात गेले. रसूल रोजा सोडायला बसला होता. पुढं ताटलीत खजूर, तांब्याभर पाणी, बांगेची वाट बघत हातात एक खजूर धरलेला. भोवती त्याचे दोन-चार शेजारी.

"चार शेवया काळ्या झाल्या म्हून माजी गिरणी बंद पाडतुस व्हय रं?" मेजर ओरडले. "वस्त्या वस्त्या हिंडून माणसं फोडतुस? सरळ तोंडावर बोलायचं हुतंस!"

तेवढ्यात बांग झाली. बाकीच्यांनी रोजा सोडला, रसूलनं हातातला खजूर परत ताटलीत ठेवला.

"मेजरसाहेब," तो म्हणाला, "पानी घेताय का?"

बस्स, एवढंच. मेजर तणतणत घरी आले. पण "साहेब" हा शब्द त्यांच्या कानात रुतून बसला. चाळीस वर्षांत रसूलनं त्यांना नाथा म्हटलं होतं, मेजर म्हटलं होतं, गाढव म्हटलं होतं. साहेब पहिल्यांदा.

ईदेला नेहमीप्रमाणं शिरखुर्म्याचा वाडगा आला. शेवया दुकानातल्या होत्या, जाड. मेजरनी एक चमचा घेतला आणि वाडगा बाजूला सारला. शालूबाई म्हणाल्या, "आता गिळा की. तुमच्या फिल्टरातनं गाळून देऊ का?" ईदेनंतर तिसऱ्या दिवशी रसूलच्या दाराला कुलूप लागलं. सांगलीत त्याचा पुतण्या बादशहा वर्कशॉप चालवायचा आणि दहा वर्षं "चाचा, या" म्हणून मागं लागला होता. "नाथाचं इंजन कोन बघंल?" म्हणून रसूल जात नव्हता. आता गेला.

पुढच्या आठवड्यात पुरवठ्याचे साहेब मोक्यावर आले. पांढरा शुभ्र बुशशर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. गावात इतकं पांढरं माणूस गांधीजयंतीलासुद्धा बघायला मिळत नाही. मेजरनी कडक सलाम ठोकला आणि हँडल मारलं. इंजिन कण्हत कण्हत चालू झालं. तीन आठवडे न धुतलेला काथ्या आत काजळीनं दगड झाला होता. इंजिनाला धूर बाहेर टाकता येईना, इंजिनाच्या टाकीतलं पाणी उकळायला लागलं, जातं रडत रडत फिरू लागलं.

"हे पिंप कसलं?" साहेब पिंपाजवळ वाकून म्हणाले.

"फिल्टर, सर! काजळीचा कण बाहेर पडत नाही!" मेजर म्हणाले आणि साहेबांना दम दाखवायला त्यांनी इंजिनाचा वेग वाढवला.

धडाम्! पिंपाचं झाकण समोरच्या वडाच्या शेंड्याला गेलं. तीन आठवड्यांची काजळी, काथ्या, गोणपाट आणि उकळतं नाही पण बऱ्यापैकी गरम पाणी, सगळं एकदमच बाहेर आलं. धूर विरला तेव्हा साहेबांच्या अंगावर पांढरे फक्त डोळे आणि दात उरले होते. दातही नंतर दिसेनासे झाले. कोंडीबातात्या पहिल्यांदाच ओट्यावरून उठून पळाले, आणि त्यांना पळता येतं हे गावाला त्या दिवशी समजलं.

इंजिन मात्र चालूच होतं. उघड्या नळीतून भड्-भड्-भड् असा आवाज निघायला लागला, सगळा माळ दणाणला. मेजर आत धावले, तोटी बंद करायला जातात तोच आत खाड् करून काहीतरी अडकलं आणि इंजिन थांबलं. रिंगा धरल्या होत्या. रसूलनं सांगितलं होतं तस्संच.

साहेबांनी रुमालानं पेन पुसलं आणि तिथंच शेरा लिहिला: "इंजिन बंद स्थितीत आढळले. डिझेलची आवश्यकता दिसत नाही." खाली काळ्या अंगठ्याचा ठसा आपोआपच उमटला.

साहेबांची जीप गेली आणि अर्ध्या तासानं माळावरून बायांची रांग येताना दिसली. प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी. पुढं अंबूबाई, सत्तरीची म्हातारी, धापा टाकत. तिनं पाटी गिरणीच्या ओट्यावर टेकवली आणि कमरेवर हात ठेवून मेजरना फैलावर घेतलं.

"आवं मेजर, तीन आठवडं गिरण बंद ठिवून कुटं गेला हुता? ह्या वयात पार इट्याच्या इजंवरच्या गिरणीला दळान वाहिलं म्या! आज भडभड ऐकलं, तवा म्हनलं चालू झाली येकदाची."

"बंद?" मेजर म्हणाले. "मावशी, गिरणी चालूच हुती. रोज."

"चालू हुती तर आवाज कुटं हुता? आमी रोज कान देतो न्हवं? रसूलभाईची टोपी वाजली न्हाई, म्हून आलो न्हाई. आमाला काय सपान पडतंय?"

मेजर ओट्यावर खाली बसले. काजळीतच बसले. कुणी माणसं फोडली नव्हती. आवाज गाळला होता तो त्यांनीच, फौजी काम म्हणून मिरवलाही होता. आणि रोजा सोडायला बसलेल्या माणसाच्या हातातला खजूर त्यांनी खाली ठेवायला लावला होता. शालूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एरवी चार टोमणे मारले असते, त्या दिवशी एकही मारला नाही. मेजरना वाटलं, मारला असता तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी शालूबाईंनी पितळी डबा मेजरांच्या हातात दिला. रोज पहाटे उठून त्यांनी शेवया वळल्या होत्या. रहिमतबीसारख्या बारीक नव्हत्या, पण वाळवल्या होत्या घरात, दारं लावून. "सांगलीला जावा," त्या म्हणाल्या. "आन् ह्या बारीनं त्वांड उघडून बोला. न्हाई तर माघारी येऊ नगा."

मेजर एकीकडं डबा आणि एकीकडं फडक्यात बांधलेलं काजळलेलं नोझल घेऊन एस्टीत बसले. नोझल कशाला? नुसतं माफी मागायला गेलं असं दिसू नये म्हणून. पस्तीस मैल ते वाक्य जुळवत होते. विट्यात वाक्य लांबलचक होतं, तासगावात निम्मं झालं, आणि सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा काहीच उरलं नव्हतं.

वर्कशॉपात रसूल लेथवर वाकलेला. वर बघून म्हणाला, "या मेजर." भोवती पोरं होती, म्हणून मेजर म्हणाला असेल. मग पोरं जेवायला गेली, दोघंच राहिले. रसूल म्हणाला, "बसा मेजर."

मेजरनी नोझल पुढं केलं. रसूलनं ते नखानं खरवडलं.

"करंजेल निव्वळ घातलं?"

"व्हय."

"गाळलं व्हतं?"

"न्हाई."

"रिंगा धरल्या असतील."

"धरल्या."

मी सांगितलं होतं, असं रसूल म्हणाला नाही. मेजरनी घसा खाकरला, वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं. "सांगलीत उकाडा लय हाय," ते म्हणाले.

"हाय," रसूल म्हणाला. "घरला जावा, रहिमतबी हाय, जेवून घ्या. मी ह्ये साफ करतो, रिंगाचं बी बघतो."

रहिमतबीनं जेवू घातलं, शालूबाईची खुशाली विचारली, शेवयांचा डबा घेऊन कपाळाला लावला. मेजर दोन तास बसून राहिले, रसूल जेवायला आला नाही. तोंड चुकवतोय, मेजरना वाटलं, आणि त्यांना ते रास्तही वाटलं. मग बादशहा आला, आधी स्वयंपाकघरात जाऊन आला आणि मग नोझल आणि नव्या रिंगा मेजरांपुढं ठेवल्या. "चाचाला काम आलंय, तुमी गाडी गाठा म्हनालं." निघताना रहिमतबीनं डबा परत दिला. आमच्याकडं डबा कुणी रिकामा परत करत नाही. जड लागला, गूळ असेल असं समजून मेजरनी तो मांडीवर घेतला आणि पस्तीस मैल खिडकीबाहेर बघत राहिले. सांगायचं ते राहूनच गेलं होतं.

घरी शालूबाईंनी डबा उघडला. आत जुन्या धोतराच्या तुकड्यात टोपी होती. नवी, तांब्याची. ठोकून ठोकून केलेली, कडेला हातोडीचे बारीक ठसे. दोन तास तो हेच करत बसला होता. मेजरनी ती हातात घेतली, बोट फिरवून ठसे चाचपले. मग त्यांना रडू आलं, आणि शालूबाई चूल पेटवायचं निमित्त करून आत गेल्या.

डिझेलचा परवाना शालूबाईंनी आणला. त्या कचेरीत जाऊन कारकुनाला एवढंच म्हणाल्या, "दादा, चालू का बंद ते मला कळत न्हाई. बायांच्या घरात पीठ न्हाई." त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला. मेजरांच्या सतरा वर्षांच्या नोकरीत ही युक्ती कुठंच आली नव्हती. तालुक्याच्या मिस्त्रीनं रिंगा बसवल्या. टोपी मेजरनी स्वतः चढवली, बोटभर अंतर सोडून. हँडल मारलं. पुक्-पुक्, पुक्-पुक्. गोड, अगदी पहिल्यासारखं. धूर विरळ, काजळी नाही.

तासाभरात अंबूबाई पाटी घेऊन हजर. "रसूलभाई आला व्हय माघारी?" तिनं दारातनंच विचारलं.

"न्हाई, मावशी."

"मग ह्यो आवाज?"

"धाडून दिला त्यानं."

"मग त्येला कळवा की," अंबूबाई पाटी उतरवत म्हणाली. "पोचला म्हनावं."

त्या दिवशी मेजरनी तीन कार्डं घेतली. पहिल्यावर "सप्रेम नमस्कार विनंती विशेष" लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यावर सगळी हकिकत मुद्देसूद लिहिली, तीत कोंडीबातात्यांचाच दोष जास्त निघाला, म्हणून तेही फाडलं. तिसऱ्यावर लिहिलं: "रसूल, टोपी बसवली. आवाज अंबूबाईच्या वस्तीपर्यंत पोचला. माझं चुकलं. तुझा नाथा." आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं, कारण वाचलं असतं तर तेही फाडलं असतं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. "नाथा, कार्ड पोचलं. टोपी दर महिन्याला राखेनं घास. करंजेल घालू नको. नोझल काढलंस तर उलटं बसवू नको, तुला खोड आहे. शेवया चांगल्या होत्या. शालूबाईला रहिमतबीचा सलाम. रसूल."

परत यायचं त्यात काही नव्हतं. मेजरनी कार्ड उलटून पत्त्याच्या बाजूलाही बघितलं. मग ते गिरणीत खिळ्याला लावलं, पहिला शब्द वर दिसेल असं. रसूल काही परत आला नाही. सांगलीत त्याचं बस्तान बसलं, आणि बसलेला माणूस दुसऱ्याच्या पश्चात्तापासाठी कशाला उठेल?

डिझेल पुढं मुबलक झालं, टोपीवर काजळी धरेना. तरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मेजर शिडीवर चढून ती राखेनं घासत. आवाज दीड कोस जातो, सांगली पस्तीस मैल, हा हिशेब त्यांना येत होता. सकाळी इंजिन चालू झालं की ते घटकाभर दारात येऊन शेजारच्या कुलपाकडं बघत, आणि मग आत जाऊन पट्टा चढवत.